वाचकांचे प्रश्न : विंडोची मांडणी आणि तिचा आकार

डेस्कटॉपवर चालणाऱ्या प्रोग्रामची विंडो कशी मांडावी आणि तिला किंवा तिच्यातल्या भागांना चौकोनाऐवजी वेगळा आकार कसा द्यावा, याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या भागातील एका पतसंस्थेसाठी मी पायथन आणि त्यातली विंडो बनवण्याची सोय टीकिंटर वापरून खातेदार नोंदणीचा फॉर्म तयार केला आहे. प्रत्येक लेबलची आणि रकान्याची जागा मी प्लेस ही मांडणीची पद्धत वापरून पिक्सेलमध्ये मोजून दिली आहे. माझ्या संगणकावर फॉर्म नीट दिसतो. पण संस्थेतल्या लॅपटॉपवर लेबले एकमेकांवर चढतात, ‘वारसदाराचे खातेदाराशी नाते’ हे लेबल अर्धवट कापले जाते आणि काही ठिकाणी खालचे उकार दिसत नाहीत. त्या लॅपटॉपसाठी वेगळी मापे द्यावीत का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : वेगळी मापे देऊ नयेत, संस्थेने उद्या तिसरा लॅपटॉप घेतला की तीही चुकतील. असे का होते ते आधी पाहू. टीकिंटरमध्ये फॉन्टचा आकार साधारणपणे पॉइंटमध्ये सांगितला जातो आणि एक पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. प्लेसला दिलेले एक्स आणि वाय मात्र पिक्सेलमध्ये असतात. विंडोजमध्ये डिस्प्लेचे स्केल १०० टक्के असते तेव्हा एका इंचाला ९६ पिक्सेल धरले जातात, त्यामुळे १० पॉइंटचा फॉन्ट सुमारे १३ पिक्सेलचा होतो. स्केल १५० टक्के केले की इंचाला १४४ पिक्सेल धरले जातात आणि तोच फॉन्ट २० पिक्सेलचा होतो. आपल्याला स्केल समजते असे प्रोग्रामने विंडोजला कळवलेले असेल, तर अक्षरे अशी वाढतात आणि आपण ठरवलेल्या जागा मात्र जिथल्या तिथे राहतात. तसे कळवलेले नसेल, तर विंडोज तयार चित्रच ताणून मोठे करते. मग मांडणी टिकते, पण अक्षरे धूसर दिसतात. लहान पडद्याच्या लॅपटॉपवर १२५ किंवा १५० टक्के स्केल असणे ही आता नेहमीची बाब असल्यामुळे हा अनुभव आपल्याला पुढेही येत राहील.

त्यात फॉन्टची भर पडते. आपण नाव घेऊन मागितलेला फॉन्ट त्या लॅपटॉपवर नसेल, तर टीके (टीकिंटरच्या मागे काम करणारी मूळ यंत्रणा) कोणतीही सूचना न देता दुसरा फॉन्ट वापरते. विंडोजवर मराठीसाठी मंगल विंडोज २००० पासून आहे आणि निर्मला यूआय विंडोज ८ पासून. दोन्हींच्या अक्षरांची रुंदी आणि ओळीची उंची सारखी नाही. देवनागरीला मुळातच उंची जास्त लागते, कारण शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार असतात आणि खाली उकार, ऋकार व ‘ट्ट’सारखी उभी जोडाक्षरे असतात. इंग्रजी अक्षरे डोळ्यांसमोर ठेवून नक्की केलेल्या २० पिक्सेलच्या उंचीत ‘मंजूर’मधला दीर्घ ऊकार मावत नाही, आणि जिथे मावत नाही तिथे तो कापला जातो.

लेबलाच्या रुंदीचेही असेच आहे. टीकेमध्ये मजकुराच्या लेबलाला दिलेली रुंदी ही त्या फॉन्टमधल्या इंग्रजी शून्याच्या रुंदीच्या पटीत मोजली जाते. देवनागरी मजकुराशी या मापाचा काहीही मेळ बसत नाही. काही जण त्यावर उपाय म्हणून पायथनमधल्या लेन या फंक्शनने अक्षरे मोजून रुंदी ठरवतात. पण ‘क्षेत्रफळ’ या शब्दासाठी लेन ९ हे उत्तर देते आणि वाचणाऱ्याला मात्र क्षे, त्र, फ, ळ अशी चारच अक्षरे दिसतात. जोडाक्षरे घडल्यानंतर शब्द किती जागा घेईल हे फक्त फॉन्टला आणि मजकूर आखणाऱ्या यंत्रणेला ठाऊक असते. म्हणून लेबलाला रुंदी देऊच नये. न दिल्यास टीके ती फॉन्टकडून स्वतः विचारून घेते.

आता मांडणी. प्लेस काढून टाकून ओळी आणि स्तंभांत मांडणारे ग्रिड वापरावे: लेबले शून्य क्रमांकाच्या स्तंभात, भरायचे रकाने एक क्रमांकाच्या स्तंभात. ग्रिड प्रत्येक स्तंभाची रुंदी त्यातल्या सर्वांत रुंद घटकावरून ठरवते, त्यामुळे ‘वारसदाराचे खातेदाराशी नाते’ हे सर्वांत लांब लेबल बाकीच्या लेबलांसाठीही आपोआप जागा करून देईल. घटक कोणत्या कडेला चिकटवायचा हे सांगणाऱ्या स्टिकीमध्ये लेबलांना डब्ल्यू (पश्चिम, म्हणजे डावी कड) द्यावे, म्हणजे ती डावीकडून एका रेषेत येतील. रकान्यांना ई (पूर्व, म्हणजे उजवी कड) आणि डब्ल्यू दोन्ही द्यावेत, म्हणजे ते स्तंभाची पूर्ण रुंदी घेतील. एवढे करूनही विंडो मोठी केल्यावर रकाने रुंद होत नाहीत असे दिसेल, कारण प्रत्येक स्तंभाचे वेट, म्हणजे वाढलेल्या जागेतला वाटा, मुळात शून्य असते आणि वाढलेली जागा उजवीकडे व खाली मोकळी पडून राहते. कॉलमकॉन्फिगर वापरून एक क्रमांकाच्या स्तंभाला वेट १ द्यावे, आणि ‘शेरा’सारखा अनेक ओळींचा रकाना ज्या ओळीत असेल त्या ओळीलाही रोकॉन्फिगरने वेट १ द्यावे.

‘जतन करा’ आणि ‘रद्द करा’ ही बटणे वेगळ्या फ्रेममध्ये ठेवून ती फ्रेम ग्रिडच्या शेवटच्या ओळीत बसवावी. त्या फ्रेमच्या आत पॅक ही दुसरी मांडणीची पद्धत वापरली तरी चालते. मात्र एकाच फ्रेममधल्या काही घटकांना पॅक आणि काहींना ग्रिड लावू नये. जुन्या टीकेमध्ये असे केल्यास दोन्ही व्यवस्थापक एकमेकांनी ठरवलेली मापे बदलत राहत आणि प्रोग्राम गोठून जात असे. आता तिथेच एरर येतो.

सगळे घटक बसवून झाल्यावर अपडेट_आयडलटास्क्स चालवावे आणि विंडोने मागितलेली रुंदी व उंची विनफो_रेकविड्थ आणि विनफो_रेकहाइट यांच्याकडून घेऊन तीच मिनसाइझला द्यावी, म्हणजे वापरणाऱ्याला विंडो त्याहून लहान करता येणार नाही. शेवटी टीकेडिफॉल्टफॉन्ट आणि टीकेटेक्स्टफॉन्ट या दोन नावांच्या फॉन्टचा आकार तात्पुरता दीडपट करून फॉर्म उघडावा. लेबले आणि रकाने कुठेही न कापता उभे राहिले, तर फॉर्म तयार झाला असे समजावे. संस्थेत चष्मा लावून काम करणारे कर्मचारी असतीलच. फॉन्ट मोठा करण्याची ही सोय प्रोग्रामच्या मेनूमध्ये कायमची ठेवावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

प्रश्न : आम्हाला अभ्यासक्रमात जावा स्विंग (जावात विंडो बनवण्याची सोय) आहे. घटक ओळी-स्तंभांत मांडणारे ग्रिडबॅगलेआउट लावले की माझे सगळे रकाने विंडोच्या मधोमध गोळा होतात आणि विंडो थोडी लहान केली की टेक्स्टफील्ड एकदम बारीक होऊन जातात. वर्गातले बरेच जण सेटलेआउटला नल देऊन, म्हणजे मांडणीची कोणतीही पद्धत न लावता, मोकळे होतात. तसे करावे का? (एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : नल देऊ नका, सांगलीच्या वाचकांना आलेल्या सगळ्या अडचणी त्यातून आपल्यालाही येतील. घटक मधोमध गोळा होतात, कारण वेटएक्स आणि वेटवाय यांची मूळ किंमत शून्य असते आणि सर्व वेट शून्य असतील तर ग्रिडबॅगलेआउट उरलेली सगळी जागा बाहेरच्या कडांना सोडते. टेक्स्टफील्ड असलेल्या स्तंभाला वेटएक्स १ आणि त्या घटकाला फिल म्हणून हॉरिझाँटल द्या. वेट म्हणजे स्तंभाची रुंदी नव्हे, तर उरलेल्या जागेतला वाटा आहे, हे एकदा लक्षात आले की या लेआउटविषयीची बरीचशी भीती जाते.

टेक्स्टफील्ड एकाएकी बारीक होण्याचे कारण वेगळे आहे. सर्व घटकांच्या पसंतीच्या मापांना पुरेल एवढी जागा उरली नाही की हे लेआउट पसंतीचे माप सोडून थेट किमान मापावर येते आणि टेक्स्टफील्डचे किमान माप फारच लहान असते. पॅक (स्विंगमध्ये हे विंडोला पसंतीच्या मापाची करणारे फंक्शन आहे) केल्यानंतर विंडोला सेटमिनिममसाइझ देऊन तिचे तेव्हाचे माप बांधून टाकले की हे थांबते. शिवाय सगळी विंडो एकाच ग्रिडबॅगमध्ये कोंबण्याची गरज नाही. बाहेर बॉर्डरलेआउट, मध्यभागी फॉर्म आणि खाली बटणांची पट्टी एवढ्या रचनेवर बहुतेक प्रोग्रामांचे काम भागते.

प्रश्न : पायथन आणि क्यूटी ही विंडो बनवण्याची लायब्ररी वापरून मी पडद्याच्या कोपऱ्यात राहणारे गोल घड्याळ केले आहे. विंडोचा दिसणारा आकार कापून देणाऱ्या सेटमास्कला वर्तुळ दिल्यावर विंडो गोल झाली, पण कड दातेरी दिसते. शिवाय चौकट गेल्यामुळे घड्याळ हलवण्यासाठी मूव्ह वापरले, ते विंडोजवर चालते आणि माझ्या लिनक्सवर चालत नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : घड्याळ गोलच असते, त्यामुळे त्याची विंडो गोल असावी ही आपली इच्छा आम्हाला पूर्णपणे पटते. चौकोनी नसलेल्या विंडोंचा इतिहासही घड्याळापासून फार दूर नाही. युनिक्स आणि पुढे लिनक्सवर विंडो दाखवणाऱ्या एक्स विंडो सिस्टिमसाठी किथ पॅकार्ड यांनी १९८९मध्ये शेप एक्स्टेन्शन तयार केले, आणि त्यावर चालणाऱ्या सुरुवातीच्या प्रोग्रामांत ओक्लॉक हे गोल घड्याळ आणि माऊसच्या मागे बुबुळे फिरवणारे एक्सआइज होते. विंडोजमध्ये सेटविंडोआरजीएन हे फंक्शन तेच काम करते. या दोन्ही पद्धतींत एक मर्यादा समान आहे: प्रत्येक पिक्सेल एक तर विंडोत असतो किंवा नसतो. वर्तुळाची कड ज्या पिक्सेलमधून तिरपी जाते तो पिक्सेल अर्धा दाखवण्याची सोय त्यात नाही. क्यूटीचे सेटमास्क याच पद्धतीवर उभे असल्यामुळे दातेरी कड हा आपल्या कोडमधला दोष नसून त्या पद्धतीचाच परिणाम आहे.

मऊ कडेसाठी दुसरा मार्ग धरावा लागतो. विंडो चौकोनीच ठेवायची, पण तिची पार्श्वभूमी पूर्ण पारदर्शक करायची आणि तिच्यावर गोल तबकडी रंगवायची. विंडोज २००० मध्ये लेयर्ड विंडो आल्या तेव्हापासून विंडोजवर ही सोय आहे. लिनक्सवर त्यासाठी सर्व विंडो एकत्र करून पडदा रंगवणारा कंपोझिटर चालू असावा लागतो आणि आजच्या बहुतेक डेस्कटॉपवर तो असतोच. क्यूटीमध्ये फ्रेमलेसविंडोहिंट आणि डब्ल्यूए_ट्रान्सल्युसंटबॅकग्राउंड ही दोन्ही लावावीत. विंडोजवर पहिल्याशिवाय दुसऱ्याचा परिणाम दिसत नाही. मग पेंटइव्हेंटमध्ये क्यूपेंटरला अँटीएलियासिंग (कड मऊ रंगवण्याची सोय) चालू करून ड्रॉएलिप्सने तबकडी काढावी.

येथे एक बारकावा सांभाळावा लागतो. पेनची जाडी रेषेच्या दोन्ही बाजूंना निम्मी निम्मी पसरते. तबकडीच्या काठासाठी ४ पिक्सेलचा पेन घेतला आणि विंडोचा पूर्ण आयत ड्रॉएलिप्सला दिला, तर २ पिक्सेल विंडोच्या बाहेर जातात आणि वर, खाली, डावीकडे व उजवीकडे काठ चपटा दिसू लागतो. आयत चारही बाजूंनी ३ पिक्सेल आत घेतला की काठही पूर्ण दिसतो आणि त्याची मऊ कड मावण्यासाठी एक पिक्सेल उरतो.

पारदर्शक कोपऱ्यांवरच्या क्लिकचाही विचार करावा लागेल. विंडोजच्या लेयर्ड विंडोमध्ये जिथे अपारदर्शकता शून्य असते तिथली क्लिक खालच्या विंडोकडे जाते. एक्सवर मात्र पारदर्शक कोपरासुद्धा क्लिक अडवतो, आणि खालच्या फोल्डरवर क्लिक का लागत नाही हे वापरणाऱ्याला कळत नाही. म्हणून लिनक्सवर सेटमास्क काढून टाकू नये. उलट मास्कचे वर्तुळ रंगवलेल्या तबकडीपेक्षा एक-दोन पिक्सेल मोठे ठेवावे. दातेरी कड मग पारदर्शक भागात पडते आणि दिसत नाही, तबकडीची मऊ कड शाबूत राहते आणि कोपऱ्यातल्या क्लिक खाली पोचतात. विंडोचे माप बदलू देणार असाल, तर रिसाइझइव्हेंटमध्ये मास्क दर वेळी नव्याने द्यावा.

हलवण्याविषयी : आपल्या लिनक्सवर बहुधा एक्सऐवजी वेलँड ही विंडो दाखवण्याची नवी यंत्रणा आहे. पडद्यावर आपण नेमके कुठे आहोत हे वेलँडमध्ये प्रोग्रामला सांगितले जात नाही आणि स्वतःची जागा ठरवण्याचा अधिकारही त्याला नसतो, त्यामुळे मूव्ह निष्फळ ठरते. क्यूटी ५.१५पासून विंडोहँडलवर स्टार्टसिस्टिममूव्ह मिळते. माऊसचे बटण दाबल्याच्या इव्हेंटमध्ये ते एकदा चालवले की पुढचे हलवणे डेस्कटॉप स्वतः सांभाळतो, आणि हे विंडोज, एक्स व वेलँड या तिन्ही ठिकाणी चालते. चौकटीबरोबर बंद करण्याचे बटणही गेले आहे हे विसरू नये. उजव्या क्लिकवर ‘बंद करा’ असलेला छोटा मेनू द्यावा.

घड्याळापुरते हे सारे करण्यासारखे आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस विनॅम्पच्या स्किनमुळे विंडोंना वाटेल ते आकार देण्याची लाट आली होती, आणि त्यातल्या कित्येक स्किनमध्ये आवाज कमी-जास्त करण्याची पट्टीसुद्धा शोधावी लागत असे. ज्या प्रोग्राममध्ये माणसाला वाचायचे आणि लिहायचे असते, त्याची चौकट आणि तिच्यावरची ओळखीची बटणे आम्ही कधीही काढणार नाही.

प्रश्न : मुलांना जिल्हे शिकवण्यासाठी मला महाराष्ट्राच्या नकाशात प्रत्येक जिल्ह्याच्या आकाराचे बटण हवे आहे. क्यूटीमध्ये ३६ बटणे करून प्रत्येकाला मास्क लावला, पण शेजारच्या जिल्ह्यांमध्ये फटी दिसतात आणि विंडो मोठी केली की सगळे विस्कटते. जिल्ह्यांच्या सीमांचे अक्षांश-रेखांश माझ्याकडे आहेत. (एक शिक्षिका, लातूर)

उत्तर : ताई, आपला प्रकल्प आम्हाला मनापासून आवडला. त्यासाठी ३६ बटणांचा मार्ग मात्र सोडावा. बटण हा शेवटी आयतच असतो. लातूरचा आयत धाराशिवच्या आणि नांदेडच्या आयतांवर चढतो, आणि मास्कच्या पिक्सेलच्या कडा एकमेकींना जुळत नाहीत म्हणून फटी पडतात. त्याऐवजी एकच क्यूग्राफिक्सव्ह्यू घ्यावा आणि प्रत्येक जिल्हा हा त्यातला एक क्यूग्राफिक्सपाथआयटम करावा. क्लिक कोणत्या जिल्ह्यावर पडली हे हा घटक आयतावरून न ठरवता जिल्ह्याच्या आकारावरून ठरवतो. ज्या जिल्ह्यांना बेटे आहेत त्यांचे सगळे तुकडे एकाच पाथमध्ये वेगवेगळे बंद भाग म्हणून घालावेत, म्हणजे बेटावर क्लिक केले तरी तोच जिल्हा निवडला जाईल. विंडो मोठी झाली की रिसाइझइव्हेंटमध्ये फिटइनव्ह्यू हे कीपआस्पेक्टरेशोसह चालवावे. नकाशा प्रमाणात मोठा होतो आणि काहीही विस्कटत नाही.

अक्षांश-रेखांश थेट वापरल्यास तीन गोष्टी चुकतील. पडद्यावर वाय वरून खाली वाढतो आणि अक्षांश खालून वर, त्यामुळे नकाशा उलटा येईल; आकडे वाचतानाच अक्षांशाला उणे चिन्ह द्यावे. संपूर्ण व्ह्यू उलटा केला तर जिल्ह्यांची नावेही उलटी होतात. दुसरे, विषुववृत्तापासून दूर जाऊ तसे रेखांशांमधले अंतर कमी होत जाते. महाराष्ट्राच्या मध्याजवळ, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, ते अक्षांशाच्या एका अंशाच्या ०.९५ पट भरते. रेखांशांना या संख्येने गुणले नाही, तर राज्य पूर्व-पश्चिम पाच-सहा टक्के फुगलेले दिसेल. तिसरी गोष्ट पाहताक्षणी घाबरवणारी आहे: सीमेच्या पेनची जाडी १ ठेवली तर ती एक अंश, म्हणजे जवळजवळ १११ किलोमीटर होते आणि सगळा नकाशा काळा पडतो. पेनला सेटकॉस्मेटिक लावले की जाडी पडद्याच्या पिक्सेलमध्ये मोजली जाते आणि नकाशा कितीही मोठा केला तरी सीमा बारीकच राहते.

मुंबई शहर जिल्हा अहिल्यानगरच्या तुलनेत इतका लहान आहे की मुलांना तो माऊसने पकडता येणार नाही. क्यूपेंटरपाथस्ट्रोकर वापरून त्याच्या सीमेभोवती रुंद पट्टा तयार करावा, तो मूळ आकारात मिळवून शेप या फंक्शनमधून परत करावा आणि हा घटक झेडव्हॅल्यू वाढवून शेजाऱ्यांच्या वर ठेवावा. दिसणारा आकार तोच राहतो, फक्त क्लिक घेणारा भाग वाढतो. त्यासाठी शेजारच्या जिल्ह्याचा थोडा भाग गमवावा लागतो, पण इथे तो खर्च योग्य आहे.

आणखी एक काम आहे आणि ते आपण नक्की करावे असे आम्हाला वाटते. आपण रंगवलेला नकाशा पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरला आपोआप समजत नाही. बटणे होती तेव्हा त्यांची नावे तरी तो वाचू शकत होता. एनव्हीडीए हा मोफत स्क्रीनरीडर इ-स्पीक एनजीच्या आवाजात मराठी वाचतो, त्यामुळे आपल्या वर्गात दृष्टिहीन मूल असेल तर त्यालाही हा पाठ घेता येईल, पण त्यासाठी वाचायला काहीतरी हवे. नकाशाच्या शेजारी क्यूलिस्टविजेटमध्ये सर्व जिल्ह्यांची नावे ठेवावीत आणि दोन्ही बाजू जोडाव्यात: यादीत बाणाच्या कळीने जिल्हा बदलला की नकाशावर तो रंगावा, आणि नकाशावर क्लिक केली की यादीतले नाव निवडले जावे. एका बाजूने निवड बदलली की दुसरी बाजू तोच सिग्नल (बदल झाल्याची सूचना) परत पाठवते, म्हणून निवड बदलताना सिग्नल ब्लॉक करावेत, नाहीतर दोन्ही बाजू एकमेकींना बोलावत राहतील. टॅबचा क्रम लावताना यादी आधी आणि नकाशा नंतर ठेवावा.